गणिताची रांगोळी

यंदाच्या स्नेहसंमेलनापूर्वीं शिक्षकांच्या खोलींत एक लहानसा वाद झाला. चित्रप्रदर्शनासाठीं आठवी व नववीच्या मुलामुलींनीं जीं चित्रें दिलीं, त्यांत पांच चित्रें संगणकावर काढलेलीं होतीं; आणि तींहि डोंगर, झोंपडी व उगवता सूर्य अशा नेहमींच्या धाटणीचीं नसून, ज्यांस फ्रॅक्टल म्हणतात त्या जातीचीं होतीं. नक्षींत नक्षी, तिच्या पोटांत पुन्हां तीच नक्षी, आणि सभोंवतीं नाना रंगांचे पट्टे! आमचे चित्रकलेचे शिक्षक हे माझे जुने स्नेही. त्यांच्या हाताविषयीं मला मोठा आदर आहे. त्यांनीं तीं पांचहि चित्रें बाजूस काढून ठेवलीं आणि ते म्हणाले, "हीं यंत्रानें काढलीं आहेत, मुलांनीं काय केलें? बक्षीस द्यावयाचें तर यंत्रास द्या." खोलींत हंशा पिकला. मला मात्र हंसतां आलें नाहीं; कारण जवळ जवळ हेंच वाक्य सुमारें बारा वर्षांपूर्वीं मीं स्वतः उच्चारलें होतें. त्या दिवशीं घंटा झाल्यामुळें जें सांगावयाचें राहून गेलें तें या अंकाच्या द्वारें सांगण्याचें योजिलें आहे.

त्या वर्षीं नेमलेले परीक्षक आजारी पडल्यामुळें गणिताच्या शिक्षकास, म्हणजे मला, चित्रांचा परीक्षक व्हावें लागलें. नववींतील एका मुलाचा कागद माझ्यापुढें आला. मुलगा हिंजवडी गांवांतील शेतकऱ्याच्या घरचा. अबोल, आणि गणितांत मध्यम म्हणावा असा. कागद यंत्रावर छापलेला होता. मध्यभागीं एक काळा, फुगीर, काठांस अंकुर फुटल्यासारखा आकार, आणि त्याच्या सभोंवतीं पिंवळसर, हिरवा व निळा असे तीन रंगांचे पट्टे. मीं तो दोन बोटांनीं उचलला, "छापील आहे, यंत्राचें काम," असें म्हणालों, व खालीं ठेवला. मुलगा दाराशीं उभा होता हें मला मागाहून कळलें.

प्रदर्शन संपल्यावर चित्रें परत करतांना तो कागद हातून पडला व उलटा झाला. पाठीमागें पेन्सिलीनें लिहिलेल्या आंकड्यांच्या उभ्या ओळी होत्या. वर्ग करावयाचा, मिळवावयाचें, पुन्हां वर्ग करावयाचा, पुन्हां मिळवावयाचें. एकेका बिंदूसाठीं एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीच्या तळाशीं रंगाचें नांव. रंगांचीं नांवें त्यानें दुकानांतील डब्यांवरून घेतलीं नव्हतीं. एका ठिकाणीं "वाळलेलें गवत" असें लिहिलें होतें, दुसऱ्या ठिकाणीं "भाताचें रोप", तिसऱ्या ठिकाणीं "श्रावणांतली नदी". मी गणिताचा शिक्षक, आणि कागद उलटून पाहण्याचें मला सुचलें नव्हतें! मुलास बोलावून घेतलें, तेव्हां तो इतकेंच म्हणाला, "असूं द्या, सर." पुढें शालांत परीक्षा होऊन तो शाळा सोडून गेला. कागद परत न्यावयास मात्र आला नाहीं. तो आजहि माझ्या कपाटांत आहे.

त्या कागदामुळें मला हा नाद लागला. आरंभीं त्यांत शरमेचा भाग अधिक होता. मुलास जें येतें तें आपणांस येऊं नये, याची ती शरम. पुढें शरम मागें पडली व नाद राहिला.

आतां ज्यांस हें नांव नवें आहे त्यांच्यासाठीं थोडें विवेचन केलें पाहिजे. भूमितीच्या तासास आपण सरळ रेषा, त्रिकोण, वर्तुळ व शंकु यांचा अभ्यास करतों. हे आकार मोठ्या कामाचे आहेत; घर बांधावयाचें किंवा शेत मोजावयाचें तर त्यांवांचून चालावयाचें नाहीं. पण वर्गाच्या खिडकींतून बाहेर पाहावें तों त्यांपैकीं एकहि दृष्टीस पडत नाहीं. मुळशीच्या बाजूनें चढणारा ढग म्हणजे वर्तुळ नव्हे. सह्याद्रीची धार म्हणजे सरळ रेषा नव्हे. आणि पावसाळ्यांत ओल्या भिंतीवर उगवणारा नेचा तर भूमितीच्या कोणत्याच धड्यांत बसत नाहीं. त्या नेच्याचें एक पान खुडून पाहावें. अख्ख्या पानाची जशी ठेवण तशीच त्याच्या प्रत्येक लहान पात्याची, आणि त्या पात्याच्या दात्यांचीहि पुष्कळ अंशीं तशीच. फुलकोबीचा गड्डा मोडला तर हातांत येणारा तुरा म्हणजे एक लहानसा गड्डाच असतो. भाग हा पूर्णासारखा, आणि भागाचा भाग पुन्हां तसाच, हें या आकृतींचें मुख्य लक्षण होय.

याकडे शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें तें एका अनपेक्षित वाटेनें. लुईस फ्राय रिचर्डसन नांवाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ होते. ते क्वेकर पंथाचे, युद्धाचे कडवे विरोधक. दोन देशांच्या सामाईक सीमेची लांबी व त्यांच्यांत युद्ध होण्याचा संभव यांचा कांहीं संबंध आहे काय, हें शोधावें म्हणून त्यांनीं सीमांच्या लांबीचे आंकडे जमविले. आणि पाहतात तों मोजपट्टी जितकी आंखूड घ्यावी तितकी सीमा अधिक लांब भरते! रिचर्डसन १९५३ सालीं निवर्तले. त्यांचें हें लेखन १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. तोच धागा बेन्वा मँडेलब्रॉट यांनीं उचलला, व ब्रिटनचा किनारा किती लांब आहे, एवढ्याच प्रश्नावर १९६७ सालीं एक निबंध लिहिला.

आमच्या विद्यार्थ्यांनीं ब्रिटनपर्यंत जावयास नको. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, हें आपण भूगोलांत पाठ करतों. पण दाभोळच्या किंवा विजयदुर्गच्या खाडीच्या तोंडाशीं उभें राहून हा किनारा नेमका कोठून मोजला, असें कोणी विचारील तर काय सांगावें? खाडीच्या आंत शिरावयाचें कीं तोंडावरून उडी मारावयाची? प्रत्येक खडकाला वळसा घालावयाचा कीं नाहीं? अखिल भारताचा किनारा अनेक वर्षें ७,५१६ किलोमीटर मानला जात असे. अलीकडे अधिक बारीक प्रमाणाच्या नकाशांवरून पुन्हां मोजणी झाली, तेव्हां तो ११,०९८ किलोमीटर भरला. जमीन वाढली नाहीं, समुद्र हटला नाहीं. पट्टी तेवढी बारीक झाली. माझ्या वर्गांत हे दोन आंकडे फळ्यावर लिहिले कीं मागच्या बाकावरचींहि मुलें सरसावून बसतात.

मँडेलब्रॉट यांचा जन्म वॉर्सा येथें १९२४ सालीं झाला. पुढें ते अमेरिकेंत आयबीएम या संगणकांच्या कंपनींत संशोधक होते. मोडलेला किंवा भंगलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून १९७५ सालीं त्यांनीं फ्रॅक्टल हें नांव बनविलें, आणि आज ज्या काळ्या आकारास त्यांचें नांव देतात त्याचें चित्र १९८० सालीं संगणकावर काढून पाहिलें. २०१० सालीं त्यांचें देहावसान झालें. तथापि या विद्येचा पाया त्यांच्याहून जुना आहे. स्वीडनच्या कॉख यांनीं १९०४ सालीं व पोलंडच्या सिअरपिन्स्की यांनीं १९१५ सालीं अशा आकृति कागदावर मांडल्या होत्या. फ्रान्सचे गास्ताँ जूलिया यांची कथा मला विशेष वाटते. पहिल्या महायुद्धांत जखमी होऊन त्यांचें नाक गेलें. आणि १९१८ सालीं त्यांनीं या विषयावर आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला. आज पोराटोरांच्या पडद्यावर क्षणांत उमटणारीं तीं चित्रें त्यांना त्या वेळीं केवळ आपल्या बुद्धीच्या बळावर कल्पावीं लागलीं.

आतां हीं चित्रें होतात कशीं, तें पाहूं. एक संख्या निवडावी. शून्यापासून आरंभ करावा. हातीं असेल त्या संख्येचा वर्ग करावा व त्यांत निवडलेली संख्या मिळवावी. येईल त्या उत्तराचा पुन्हां वर्ग करावा व पुन्हां तीच संख्या मिळवावी. नियम इतकाच. निवडलेली संख्या १ असेल तर उत्तरें १, २, ५, २६ अशीं येतात, म्हणजे तिसऱ्याच पावलास दोनाची हद्द ओलांडली जाते. आणि ती एकदां ओलांडली कीं परत फिरणें नाहीं, असें सिद्ध करतां येतें. उणें १ घेतला तर उणें १, शून्य, उणें १, शून्य, अशा जन्मभर येरझाऱ्या. अर्धा घ्या: ०.५, ०.७५, १.०६२५, नंतर सुमारें १.६३, आणि पांचव्या पावलास तीनाच्या वर. पाव घ्या: उत्तर अर्ध्याच्या जवळ जवळ सरकत राहतें, पण तेथें कधींच पोंचत नाहीं, पळूनहि जात नाहीं. आणि पावाच्या किंचित् पुढें ०.३ घेतली तर मोठी मौज होते. ०.३९, ०.४५, ०.५०, ०.५५ अशी ती इतकी हळू चालते कीं ही आतां येथेंच राहणार असें वाटावें. दहाव्या पावलास ती एकाच्या किंचित् पुढें असते, आणि बाराव्या पावलास २.१९ होऊन निघून जाते! ज्यांनीं दहाव्या पावलास वही मिटली त्यांच्या हिशेबीं ती राहणारीच ठरली.

हा झाला रेषेवरच्या बिंदूंचा हिशेब. संमिश्र संख्या घेतल्या म्हणजे तोच नियम कागदावरील प्रत्येक बिंदूस लावतां येतो. जे बिंदू कधींच पळून जात नाहींत त्यांना बहुधा काळा रंग देतात, आणि त्यांचा मिळून तो फुगीर आकार होतो. जे पळतात त्यांना, ते कितव्या पावलास पळाले तें पाहून, रंग द्यावयाचा. तिसऱ्यास एक रंग, पांचव्यास दुसरा, बाराव्यास तिसरा. हे वर्ग व बेरजा संगणक करतो, हें खरें. १९८० च्या सुमारास घरगुती यंत्रास एका चित्राला तासन् तास लागत. आतां निमिष पुरतें. पण बाराव्या पावलास कोणता रंग द्यावयाचा, हें कोणतेंच गणित सांगत नाहीं.

या रंग देण्यांत किती शिकावयाचें असतें, तें मला दोन वर्षें रोज चुकल्यावर समजूं लागलें. माझीं पहिलीं शंभर चित्रें जांभळा, नारिंगी व पोपटी यांनीं इतकीं भडक झालीं होतीं कीं जत्रेंतल्या मिठाईच्या दुकानाची आठवण व्हावी. काळ्या आकाराच्या काठाजवळ पावलांची संख्या झपाट्यानें बदलते. एका बिंदूस चाळीस तर शेजाऱ्यास दोनशें. तेथें प्रत्येक संख्येला वेगळा रंग दिला तर नक्षी नाहींशी होऊन नुसती वाळू पसरल्यासारखें दिसतें. म्हणून काठाजवळ रंग फार सावकाश बदलावे लागतात. उलट दूरच्या बाजूस पट्टे रुंद असतात. तेथें एकच रंग ठेवला तर चित्राचा अर्धा भाग निर्जीव होतो. शिवाय किती पावलांपर्यंत वाट पाहावयाची, हेंहि चित्रकारासच ठरवावें लागतें. ती मर्यादा कमी ठेवली तर चित्र लवकर होतें, पण ०.३ सारख्या सावकाश चालणाऱ्या पुष्कळ संख्या विनाकारण काळ्यांत जमा होतात.

ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. दहाव्या शतकांत हलायुधानें पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिली. तींत मेरुप्रस्तार सांगितला आहे. वर एक, त्याखालीं एक, एक, त्याखालीं एक, दोन, एक, प्रत्येक घरांत वरच्या दोन घरांची बेरीज. चौकटीच्या कागदावर सोळा ओळी लिहाव्या आणि विषम संख्यांचीं घरें तेवढीं रंगवावीं. त्रिकोणाच्या पोटांत पांढरा त्रिकोण, बाजूंच्या त्रिकोणांत पुन्हां तसाच, ही सिअरपिन्स्की यांची जाळी आपोआप डोळ्यांपुढें उभी राहते. तीनानें भागून बाकी शून्य, एक किंवा दोन येईल त्याप्रमाणें तीन रंग दिले तर नक्षी पालटते. पांचवीच्या वर्गांत मीं हें करवून घेतलें तेव्हां बेरजेचा कंटाळा करणारीं मुलें मधली सुटी विसरलीं. पुढें याच जाळीचा आकार पाहावयाचा असेल तर गणेशखिंडीस, १९८८ सालीं स्थापन झालेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारांत जावें. वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिआ यांनीं तें आवार आंखतांना ही जाळी तेथें एका अंगणांत मांडली आहे.

आणि रांगोळीचें काय? ठिपक्यांची रांगोळी काढणारी आपली आई किंवा आजी नियमानेंच चालत असते. इतके ठिपके, अशी वळणें, कोपऱ्यांत जें केलें तेंच मोठें करून मध्यें. चैत्रांतलें चैत्रांगण असो, कीं नाताळांत माझी आजी दाराशीं काढीत असे ती ताऱ्याची रांगोळी असो, दुसऱ्या दिवशीं ती पुसली जावयाची हें ठरलेलेंच. तामीळ देशांत हिलाच कोलम म्हणतात. तेथें तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजांतील प्राध्यापक गिफ्ट सिरोमनी, त्यांच्या पत्नी राणी सिरोमनी व कमला कृतिवासन् यांनीं १९७४ सालीं कोलमच्या रचनेवर संगणकशास्त्राच्या भाषेंत निबंध प्रसिद्ध केला. वाक्यास जसें व्याकरण तसें कोलमासहि असतें, आणि एका लहान आकृतींत तीच आकृति वारंवार बसवीत गेलें म्हणजे कांहीं कोलम मोठे होत जातात, हें अशा अभ्यासांतून दिसून आलें. उंबऱ्याबाहेर बसून हें व्याकरण पाळणाऱ्या स्त्रियांस कोणी "तुम्ही काय केलें, नियमानें केलें," असें म्हटल्याचें मला माहीत नाहीं.

माझी दिनचर्या सांगतों. मी हिंजवडीस राहतों. ज्या खाचरांतून लोक भात लावीत, तेथें आतां राजीव गांधी यांच्या नांवाचें माहिती तंत्रज्ञानाचें उद्यान उभें आहे. उद्यान हा शब्द कोणी योजिला कोण जाणे! संध्याकाळीं तेथील रस्त्यावर वाहनांची जी दाटी होते तिच्यांत एक मैल जावयास लागणारा वेळ मीं मोजून पाहिला आहे, पण तो येथें लिहिला तर परगांवच्या वाचकांस अतिशयोक्ति वाटेल. घरीं येऊन, जेवण आटोपून, वह्या तपासून झाल्यावर मी अर्धा तास एका जुन्या संगणकापुढें बसतों. रोज एकच चित्र, अधिक नाहीं. आकाराच्या काठावर एखादी जागा शोधावयाची, ती मोठी करून पाहावयाची, तींत कोठेंतरी तोच काळा आकार बिंदुएवढा होऊन बसलेला सांपडतो, मग रंग. झोंपण्यापूर्वीं चित्र पुसून टाकतों. वहींत फक्त जागेचे आंकडे, पावलांची मर्यादा व रंगांचा क्रम लिहून ठेवतों. तेवढ्यावरून तें चित्र केव्हांहि जसेंच्या तसें पुन्हां उभें करतां येतें. अशा अकरा वह्या झाल्या आहेत. आमच्या घरीं या वह्यांस "ह्यांच्या रद्दीचा कप्पा" म्हणतात, आणि तो आरोप मी नाकारीत नाहीं.

आमच्या शेजारीं एक तरुण बाई राहतात. त्या दिवसभर कचेरींत संगणकापुढें असतात, आणि रात्रीं पुन्हां त्याच्यापुढें बसून अशीं चित्रें करतात. मीं एकदां विचारलें, "डोळे दुखत नाहींत काय?" त्या म्हणाल्या, "दुखतात. पण सर, तेथें काय करावयाचें तें दुसरे ठरवतात. येथला निळा मी ठरवतें." त्यांनीं चित्रें काढणारी आज्ञावली स्वतः लिहिली आहे, ती तीसेक ओळींची आहे, आणि वर्ग करून मिळवावयाचें हेंच तिचें हृदय आहे.

आतां आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांच्या आक्षेपाकडे वळूं. त्यांचें निम्में म्हणणें मला मान्य आहे. हात वळावा लागतो. डोळा, बोट व पेन्सिल यांची जी मैत्री व्हावी लागते ती पडद्यावर बोट दाबून होत नाहीं. चित्रकलेचा एकहि तास या कामासाठीं काढून घ्यावा असें मी म्हणणार नाहीं. दुसरी गोष्ट, या छंदांत आळसास भरपूर वाव आहे. तयार रंगमाला निवडावी, कोठेंहि मोठें करावें, जें दिसेल तें छापावें, आणि कलावंत म्हणवून घ्यावें! यंदाच्या पांच चित्रांपैकीं तीन अशींच आहेत, हें मीं त्या मुलांशीं बोलून पाहिलें. नियम काय, असें विचारतां एकास सांगतां आलें नाहीं, दुसरा गप्प राहिला, आणि तिसऱ्यानें "आपोआप येतें" असें सांगितलें.

राहिलेल्या दोघांनीं मात्र कागद घेतला व अर्धा आणि पाव यांचा हिशेब माझ्यासमोर करून दाखविला. त्यांतल्या मुलीनें काठाजवळ करडा रंग कां ठेवला हेंहि सांगितलें. तिचे वडील कुंभारकाम करतात, आणि भट्टींतून निघालेल्या मडक्यावर जशी धुराची झांक येते तशी तिला हवी होती. हें यंत्राचें काम, असें म्हणावयास माझी जीभ धजत नाहीं. चित्र यंत्रानें काढलें, हें केवळ पेटी वाजवणाऱ्यास सूर भात्यानें काढला म्हणण्याइतपत खरें आहे.

आणि येथें एक नवी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण तिच्यामुळें आमच्या स्नेह्यांचा राग वाढला आहे. हल्लीं एक वाक्य लिहून दिलें कीं हवें तें चित्र करून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें निघालीं आहेत. मुलें तींहि वापरतात, व आपलीं म्हणून दाखवितात. फ्रॅक्टलचें चित्र व हें चित्र दोन्ही पडद्यावरचीं, म्हणून एकाच टोपलींत टाकण्याकडे मोठ्या माणसांचा कल होतो. मला त्यांत मोठा भेद दिसतो. पहिल्या चित्रांतील प्रत्येक बिंदू तेथें कां आला, त्याला तो रंग कां मिळाला, हें नववीचा मुलगा कागद-पेन्सिल घेऊन तपासून पाहूं शकतो. वेळ लागेल, पण तपासतां येईल. दुसऱ्या चित्राचा हिशेब मागावयास गेलें तर मुलगाच काय, तें यंत्र बांधणारेहि प्रत्येक रेघेचें कारण सांगूं शकत नाहींत. जें चित्र आपणांस उलगडून दाखवितां येतें तें आपलें म्हणण्याचा थोडा तरी हक्क आपणांस पोंचतो, असें माझें मत आहे. शाळेस भेद करावयाचाच असेल तर हात व यंत्र यांत न करतां येथें करावा.

म्हणून मीं मुख्याध्यापकांपुढें एक सूचना मांडली आहे. अशीं चित्रें प्रदर्शनांत घ्यावीं, पण निराळ्या फळीवर. प्रत्येकाच्या मागें नियम, पावलांची मर्यादा, रंगांचा क्रम, आणि निदान दहा बिंदूंचा हातानें केलेला हिशेब असावा. हिशेब नसेल तर चित्र परत. आणि परीक्षकानें कागद उलटून पाहिल्यावांचून गुण देऊं नयेत, हें कलम मीं मुद्दाम घातलें आहे. तें कोणासाठीं घातलें हें आमच्या स्नेह्यांस ठाऊक आहे. त्यांनीं "दहा फार होतात, सात ठेवा" एवढीच हरकत घेतली. मीं आठ मान्य केले.

या निमित्तानें मीं कपाटांतला तो जुना कागद काढून पाहिला. पिंवळा रंग बराच फिका झाला आहे, हिरवा टिकला आहे. पाठीमागच्या ओळी पुन्हां एकदां तपासल्या. एकूण चौदा बिंदू आहेत. त्यांपैकीं एका ठिकाणीं वर्ग करतांना चूक आहे, तिच्यामुळें रंगांत फरक पडत नाहीं. तो विद्यार्थी आतां परगांवीं नोकरीस आहे. एका माजी विद्यार्थ्याकडून पत्ता मिळवून मीं त्याला पत्र घातलें आहे, झाल्या गोष्टीची क्षमा मागितली आहे, आणि चित्र लावण्यास त्याची परवानगी विचारली आहे. अद्यापि उत्तर नाहीं. दिवाणखान्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर शिपायाकडून एक खिळा मात्र ठोकवून घेतला आहे, आणि दोन्ही बाजूंनीं कांच असलेली चौकट सुतारास सांगितली आहे.